आधी पंप, मग कपड्यांची बॅग

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा एक पंप बंद पडला. लघवी शुद्ध करून तिचं पिण्याचं पाणी करणारी जी यंत्रणा तिथे आहे, तिच्यातला हा पंप. खाली फ्लोरिडात बोइंगचं स्टारलायनर यान उड्डाणासाठी उभं होतं आणि त्यातून सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर वर जाणार होते. नवा पंप ७० किलोच्या आसपास वजनाचा. यानात वजन आणि जागा दोन्ही तोळामाशाने मोजलेली. तेव्हा या दोघांच्या कपड्यांच्या आणि अंघोळीच्या सामानाच्या बॅगा खाली उतरवल्या आणि त्या जागी पंप चढवला. ५ जूनला यान उडालं. आठ-दहा दिवसांसाठी गेलेली ही दोघं यानातल्या बिघाडामुळे २८६ दिवस वर राहिली आणि मालवाहू यानातून कपडे येईपर्यंत त्यांनी स्थानकात साठवलेल्या राखीव कपड्यांवर दिवस काढले.

त्या नऊ महिन्यांत आपल्याकडे एकच शब्द ऐकू येत होता : 'अडकल्या'. गुजरातेतल्या झुलासन या त्यांच्या वडिलांच्या गावी प्रार्थना झाल्या, चर्चा झाल्या, काळजी झाली. काळजी खरीच होती. पण पंपाची आणि बॅगांची गोष्ट कोपऱ्यात राहिली, आणि मला तर त्या सगळ्या बातम्यांत तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. मी २९ वर्षं एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर नोकरी केली. तेव्हा पंप म्हटलं की माझे कान टवकारणारच. पण त्या निर्णयात अंतराळात राहण्याबद्दलचं एक मोठं सत्य आहे. अंगावरचे कपडे थांबू शकतात, पंप थांबू शकत नाही.

भारत २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक उभं करणार आहे. १८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या पहिल्या भागाला मंजुरी दिली आणि तो २०२८ पर्यंत वर पाठवायचा ठरला. ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. आणि म्हणूनच एक गोष्ट आत्ताच, आराखडे कागदावर असतानाच बोलायला हवी. स्थानक उभारण्याहून ते चालवणं मोठं काम आहे. तिथली माणसं झाडलोट करतात, गाळण्या बदलतात, नट आवळतात, स्वतःची हाडं शाबूत ठेवायला रोज दोन तास घाम गाळतात, या सगळ्याला आपण 'विज्ञानातून वाया गेलेला वेळ' समजू नये. स्थानकावरचं पहिलं विज्ञान तेच आहे. पैसा, माणसं आणि वेळ यांच्या हिशेबात त्याला पहिली ओळ मिळाली पाहिजे.

तिथला दिवस कसा जातो ते आधी बघू. आंतरराष्ट्रीय स्थानकावर ग्रीनिचची वेळ पाळतात. सकाळी सहाला उठायचं, रात्री साडेनऊच्या सुमाराला झोपायचं. ४०० किलोमीटर उंचीवरून, तासाला २८,००० किलोमीटर वेगाने, ९० मिनिटांत पृथ्वीची एक फेरी होते. म्हणजे बाहेर दिवसातून १६ वेळा उजाडतं आणि १६ वेळा मावळतं. आतल्या माणसांना त्यावर दिवस मोजता येत नाही. त्यांचा दिवस पडद्यावरच्या आडव्या पट्टीत आखलेला असतो, पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांपर्यंत : कोणी काय करायचं, कोणतं हत्यार लागेल, ते कुठल्या पिशवीत ठेवलंय. त्या पट्टीवरून एक लाल रेघ सरकत असते. रेघ तुमच्या कामाच्या पुढे गेली की तुम्ही मागे पडलात.

त्यात दोन-अडीच तास व्यायाम ठरलेला. वजन नसलेल्या जागी वजन उचलायचं कसं? तर निर्वात नळकांड्यांच्या ओढीविरुद्ध दांडा ओढायचा. धावताना खांद्याला आणि कमरेला पट्टे बांधून धावपट्टीवर स्वतःला खाली खेचून घ्यायचं. सुनीता विल्यम्स २००७ मध्ये याच पट्ट्यांत बोस्टन मॅरेथॉनचं पूर्ण अंतर धावल्या. हा व्यायाम केला नाही तर कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरते. वयस्कर माणसाची वर्षभरात होते तेवढी झीज एका महिन्यात.

शनिवारी सकाळी साफसफाई. सगळेजण व्हॅक्यूम क्लीनर आणि जंतुनाशकाचे ओले रुमाल घेऊन लागतात. हाताने धरायच्या दांड्या, जेवणाचं टेबल, संडासाच्या भिंती पुसून काढायच्या. आपल्या घरात धूळ खाली बसते, म्हणून केरसुणीने गोळा होते. तिथे ती बसतच नाही. कातडीचे कण, केस, कपड्यांचे धागे हवेच्या ओढीबरोबर तरंगत जातात आणि पंख्याच्या जाळीवर जाऊन चिकटतात. हरवलेला स्क्रू किंवा पेन बहुतेक वेळा तिथेच सापडतं. पाव खाल्ला की त्याचे कण डोळ्यांत आणि यंत्रांत जातात, म्हणून पावाऐवजी मक्याच्या किंवा मैद्याच्या मेक्सिकन पोळ्या नेतात. झोपायची खोली टेलिफोन बूथएवढी, भिंतीला बांधलेल्या झोपायच्या पिशवीत शिरायचं. तिथला पंखा बंद पडला तर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचून राहील, कारण गरम हवा वर जाणं, गार हवा खाली येणं हा प्रकारच तिथे नाही. आपल्या घरात हवा हलती ठेवायचं काम पृथ्वी करते आणि तिचं बिल येत नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण ते मला कळतं.

आमच्या केंद्रावर माणशी रोज १३५ लिटर असा हिशेब धरायची पद्धत आहे. स्थानकावर माणशी चार लिटरच्या आत भागवावं लागतं. आणि ते चार लिटर वर नेणं इतकं महाग आहे की एकदा नेलेला थेंब सोडायचा नाही. अंगाचा घाम, उच्छ्वासातली वाफ आणि लघवी, सगळं गोळा होतं, शुद्ध होतं आणि पुन्हा पिण्याच्या नळाला येतं. २०२३ मध्ये या यंत्रणेने ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवलं. बातमीत हा आकडा एका ओळीत येऊन जातो. त्यामागे पंधरा वर्षांची डागडुजी आहे.

लघवी शुद्ध करणारं यंत्र २००८ च्या नोव्हेंबरात वर गेलं. खाली कसून तपासलेलं. वर्षभरात त्यातला ऊर्ध्वपातनाचा भाग तुंबला. कारण शोधलं तर कॅल्शियम सल्फेटचा क्षार धरलेला. खालच्या चाचण्यांत हा त्रास आलाच नव्हता. का? तर खालच्या माणसांच्या लघवीत इतकं कॅल्शियम नसतंच. वरच्या माणसांची हाडं झिजत होती. ते झिजलेलं कॅल्शियम लघवीतून यंत्रात येत होतं, आणि लघवी नासू नये म्हणून तिच्यात जे रसायन मिसळत होते त्यातल्या सल्फ्युरिक ॲसिडशी त्याची गाठ पडत होती. अंतराळवीरांच्या हाडांचाच थर यंत्राच्या आत बसत होता. ८५ टक्के पाणी परत मिळवायचं ठरलं होतं, ते प्रमाण खाली आणावं लागलं. मग सल्फ्युरिकऐवजी फॉस्फरिक ॲसिड वापरायला लागले, तेव्हा गाडं रुळावर आलं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकं ते मला भिडलं. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की बोअरचं पाणी मिसळावं लागायचं. त्या दिवसांत पाइप कापला की आत बोटभर जाडीचा पांढरा थर दिसायचा. छिन्नीने खरवडला की खडूसारखा भुगा पडायचा. आमच्या जुन्या फिटरमामांनी एकदा तो भुगा चिमटीत धरून सांगितलं होतं की हा थर कुठल्या विहिरीचा आहे ते मी चव घेऊन सांगतो, आणि त्यांनी ते बरोबर सांगितलं. पाइपमधला क्षार ही पाण्याची आणि जमिनीची कुंडली असते, हे मी त्यांच्याकडून शिकलो. स्थानकावरच्या त्या तुंबलेल्या यंत्रात माणसाच्या शरीराची कुंडली निघाली. हाडांचा अभ्यास करणारे डॉक्टर एकीकडे आणि पाण्याचा पंप दुरुस्त करणारे इंजिनीअर दुसरीकडे असतात, तेव्हा ती वाचता येत नाही. कोणत्या प्रयोगशाळेत कोणी हा प्रश्न आधी मांडला असता? तो डागडुजी करताना समोर आला. म्हणून मी म्हणतो की दुरुस्ती आणि संशोधन यांच्यात जी भिंत आपण मनात बांधून ठेवतो, ती स्थानकावर टिकत नाही.

२०२० च्या ऑक्टोबरात एक मालवाहू यान स्थानकाकडे गेलं. त्या यानाला कल्पना चावला यांचं नाव दिलं होतं, आणि त्यातून स्थानकासाठी नव्या बनावटीचा संडास गेला. काही लोकांना हे त्यांच्या नावाला शोभणारं वाटणार नाही. मला ते अगदी योग्य वाटतं. त्या जगात माणसाला माणसासारखं राहता यावं यासाठी जी वस्तू सगळ्यात जास्त लागते, ती त्यांच्या नावाने पोहोचली.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी बोलला जातो. १९७३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या स्कायलॅब स्थानकावर तिसरी तुकडी गेली : जेराल्ड कार, एडवर्ड गिब्सन आणि विल्यम पोग. तिघेही पहिल्यांदाच अंतराळात. आधीच्या तुकडीने दोन महिने राहून शेवटी-शेवटी जो उरक गाठला होता, तोच या तिघांच्या वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून गृहीत धरला. जेवणाच्या वेळेत काम, व्यायामाच्या वेळेत काम, सुट्टीच्या दिवशी काम. साहजिकच चुका व्हायला लागल्या. चूक झाली की ती निस्तरायला आणखी वेळ, आणि त्यामुळे पुढची चूक. डिसेंबरच्या अखेरीस वरच्यांनी आणि खालच्यांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलून घेतलं. नेहमीच्या कामांची यादी तयार झाली आणि ती कधी करायची हे वरच्यांवर सोडलं. जेवणाच्या आणि संध्याकाळच्या वेळेत व्यत्यय आणायचा नाही असं ठरलं. त्यानंतर त्यांचा उरक वाढला, आणि ८४ दिवसांची ती मोहीम चांगली पार पडली.

पुढे या प्रसंगाची 'अंतराळातला संप' अशी दंतकथा झाली. संप झालाच नव्हता. ही दंतकथा मला खटकते, कारण तिच्यात थकलेल्या माणसाने खरं बोलणं हे बंड ठरतं. जोडून दोन पाळ्या केलेल्या माणसाच्या हातून क्लोरीनचा डोस कसा चुकतो हे मी पाहिलंय. त्या रात्री तो माणूस आळशी नव्हता. त्याची बदली पाळी आलीच नव्हती, आणि ती का आली नाही हे विचारायची सोय त्या वेळच्या व्यवस्थेत नव्हती. आपल्या स्थानकावरच्या माणसाला 'आज एवढंच होईल' असं खाली सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगितल्याने त्याची पुढची संधी जाता कामा नये. आपल्याकडे वरिष्ठांना नाही म्हणायची सवय नाही. आपले अंतराळवीर तर हवाई दलातून आलेले, हुकूम पाळण्यात मुरलेले. म्हणून ही मोकळीक कोणाच्या चांगुलपणावर न सोडता नियमांत लिहून ठेवावी लागेल.

आता एका टूथब्रशची गोष्ट. ३० ऑगस्ट २०१२ ला सुनीता विल्यम्स आणि जपानचे अकिहिको होशिदे वीज वाटून देणारी १०० किलोची एक पेटी बदलायला स्थानकाबाहेर पडले. नवी पेटी बसेना. बोल्ट अर्ध्यावर अडकला. आठ तासांहून जास्त वेळ बाहेर काढून शेवटी ती पेटी पट्ट्याने बांधून ठेवावी लागली आणि दोघं आत आले. मग खाली ह्यूस्टनमध्ये आणि वर स्थानकात लोकांनी डोकं लावलं. आटे साफ करायला एका जादा केबलची तार सोडून तिचा ब्रश केला. वंगण लावायला एक टूथब्रश दांड्याला बांधला. ५ सप्टेंबरला दोघं पुन्हा बाहेर गेले, भोकातला धातूचा कीस काढला, वंगण लावलं आणि बोल्ट बसला.

ही गोष्ट सांगताना लोक 'जुगाड' म्हणतात आणि त्यावर खूश होतात. मला हा शब्द इथे नको वाटतो. जुगाडात काम कसंबसं भागवणं असतं. इथे बोल्ट का अडकला याचं निदान झालं, उपाय खाली सारख्याच भागांवर करून बघितला गेला, आणि मग दोन माणसांनी फुगलेल्या हातमोज्यांत, उणे-अधिक शंभर अंशांच्या हवेविना पोकळीत तो केला. हे कारागिराचं काम आहे. फिटर, वेल्डर, वायरमन यांना जे ज्ञान हातात असतं, त्याच जातीचं. आपल्या स्थानकाच्या आराखड्यात ते आजपासून दिसायला हवं : हातमोज्यातल्या हाताला सापडेल असा बोल्ट, एका मापाचे शक्य तितके नट, भिंतीमागचा पाइप मोकळा करता येईल अशी फळी, एका जागचा पंप दुसऱ्या जागी चालेल अशी सोय. जे दुरुस्त करता येत नाही ते पाठवूच नये, इतक्या टोकाला जायला माझी तयारी आहे.

माझ्या म्हणण्यावर एक सरळ आणि वजनदार आक्षेप आहे. वरच्या माणसांचा एवढा वेळ जर स्वतःला जिवंत ठेवण्यातच जाणार असेल, तर माणसं पाठवायचीच कशाला? चांद्रयान-३ सुमारे ६१५ कोटी रुपयांत २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. त्याला ना पाणी लागलं, ना पंखा, ना शनिवारची साफसफाई. रुपयामागे किती विज्ञान मिळालं असा हिशेब मांडला तर यंत्रं जिंकतात, हे मी मान्य करतो. जे लोक स्थानकाची बाजू घेताना औषधं, स्फटिक आणि नव्या धातूंचा पाऊस पडेल असं सांगतात, त्यांचं मला पटत नाही. स्थानक उभारायचं ते एकाच कारणासाठी : पृथ्वीपासून दूर माणूस कसा जगेल हे जगूनच शिकायचं. आणि हे कारण एकदा मान्य केलं की जगणं हाच प्रयोग होतो. मग लघवीच्या यंत्रातला क्षार हा अडथळा राहत नाही. तो निकाल असतो.

काही जण मधला मार्ग सुचवतात. स्थानक बहुतेक वेळ रिकामं ठेवा, माणसं अधूनमधून पंधरा-वीस दिवस जाऊन येतील. सुरुवातीला कदाचित हेच करावं लागेल. पण रिकाम्या घराचं काय होतं याचं उदाहरण आपल्याशी जोडलेलं आहे. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा ज्या सॅल्यूत-७ स्थानकावर आठवडाभर राहिले, ते १९८५ च्या फेब्रुवारीत रिकामं असताना मरून पडलं. बॅटरी भरली की नाही हे सांगणारा एक सेन्सर चुकीचं सांगायला लागला, त्यामुळे सौर पंखांची वीज बॅटरीत जाईना, आणि बघायला आत कोणी नव्हतं. वीज गेली, मग उष्णता गेली, मग पाणी गोठलं. जूनमध्ये व्लादिमीर जानिबेकोव्ह आणि व्हिक्टर सवीनिख तिथे गेले. स्थानक हाकेला ओ देत नव्हतं, तेव्हा यान हाताने चालवत त्यांनी ते जोडलं. आत भिंतींवर हिम, अंगावर लोकरीचे कपडे आणि टोप्या. वायरी शोधून त्यांनी सौर पंखांची जोडणी थेट बॅटरीला केली आणि स्थानक शुद्धीवर आणलं. एका सेन्सरच्या चुकीपायी एवढं सगळं. आत माणूस असता तर त्याला दिव्याचा उजेड मंद झालेला दिसला असता.

पण माणूस ठेवायचा तर किती? २००३ मध्ये कोलंबिया यान परतताना फुटलं, कल्पना चावलांसह सात जण गेले, अमेरिकेच्या शटल यानांची उड्डाणं थांबली. त्यानंतर २००६ पर्यंत आंतरराष्ट्रीय स्थानकावर एका वेळी दोनच माणसं ठेवता आली. त्यांचा बराचसा दिवस स्थानक चालतं ठेवण्यात जायचा, प्रयोगांना थोडाच वेळ उरायचा. आज तिथे साधारण सात जण असतात म्हणून प्रयोगांना हात मोकळे होतात. आपलं स्थानक आकाराने कितीतरी लहान असेल आणि माणसंही तीन-चारच. तेव्हा पहिल्या वर्षी किती प्रयोग करणार याचे मोठे आकडे जाहीर करण्याआधी या तीन-चार माणसांचे तास प्रामाणिकपणे मोजावेत. व्यायाम, झोप, जेवण, साफसफाई, दुरुस्ती वजा जाता जे उरेल तेवढंच वचन द्यावं.

पैशाचंही तसंच. गगनयान कार्यक्रमाला, त्यात स्थानकाचा पहिला भाग धरून, २०,१९३ कोटी रुपये मंजूर आहेत. नासाला आंतरराष्ट्रीय स्थानकावर दरवर्षी सुमारे ३ अब्ज डॉलर खर्चावे लागतात, म्हणजे २५,००० कोटी रुपयांच्या वर. आपला सगळा मंजूर कार्यक्रम त्यांच्या एका वर्षाच्या खर्चाहून लहान आहे. त्यांचं स्थानक ४२० टनांचं आहे, आपलं त्याच्या जवळपासही जाणार नाही, म्हणून रुपयाला रुपया ताडून उपयोग नाही. पण प्रमाण लक्षात घेण्यासारखं आहे. आपल्या अंतराळ विभागाची २०२५-२६ ची एकूण तरतूद १३,४१६ कोटींची, आणि त्यातच उपग्रह, रॉकेटं, चांद्रयानं. स्थानक वर गेल्यावर दर वर्षी माणसं, पाणी, सुटे भाग पाठवत राहायला पैसा कुठून येणार आणि तो कुठल्या कामातून वळवणार, हा प्रश्न संसदेत आत्ता विचारला जावा. शेवट करायलाही पैसा लागतो. जुनं झालेलं आंतरराष्ट्रीय स्थानक समुद्रात नीट पाडण्यासाठी लागणाऱ्या यानाचं कंत्राट नासाने २०२४ मध्ये दिलं, ८४ कोटी ३० लाख डॉलरपर्यंतचं.

नळपाणी योजनांचं काय होतं हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला हवं? टाकी बांधली जाते, नारळ फुटतो, कोनशिला बसते. टाकीला पैसे मिळतात, कारण टाकी दिसते. पंपचालकाचा पगार, विजेचं बिल, गाळणीतली वाळू बदलणं यांना पैसे मिळत नाहीत, कारण ते दिसत नाही. मी ज्या केंद्रावर होतो तिथल्या वाळूचा थर ठरलेल्या मुदतीनंतर सहा वर्षांनी बदलला गेला. त्या सहा वर्षांत कागदावर योजना शंभर टक्के पूर्ण होती. मला भीती वाटते ती याचीच, की हीच सवय आपण ४५० किलोमीटर वर घेऊन जाऊ. खाली वाळू बदलली नाही तर पाणी गढूळ येतं, लोक उकळून पितात. वर तसं उकळून पिणं नाही.

आणि तरीही माझा विश्वास इस्रोवर आहे, आणि तो उगाच नाही. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोने दोन छोटे उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडून दाखवले. असं करणारा भारत चौथा देश. त्या जोडणीच्या तारखा दोन-तीनदा पुढे गेल्या, पण घाई केली नाही. शुभांशु शुक्ला यांच्या आंतरराष्ट्रीय स्थानकाकडे झालेल्या उड्डाणाच्या वेळीही तेच. रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली तेव्हा ती दुरुस्त होऊन तपासणी झाल्याशिवाय उडायचं नाही, हा आग्रह आपल्या लोकांनी धरला. मग स्थानकाच्या झ्वेझ्दा या रशियन भागातली, २०१९ पासून लोकांना छळणारी हवेची गळती पुन्हा तपासायची होती म्हणून आणखी दिवस गेले. शेवटी २५ जून २०२५ ला उड्डाण झालं. पंचवीस वर्षं जुन्या घराच्या भिंतीतल्या चिरेने भारताच्या माणसाला दाराशी थांबवलं, असंच ते होतं.

शुक्ला तिथे १८ दिवस राहिले. बरोबर आमरस आणि गाजराचा हलवा नेला होता. मूग आणि मेथी रुजवली, स्नायूंच्या पेशींवर आणि शेवाळावर प्रयोग केले. शाळेतल्या मुलांनी त्यांना विचारलं की तुम्ही झोपता कसे, खाता काय. मोठ्यांनी विचारलं की भारत तिथून कसा दिसतो. मुलांचे प्रश्न जास्त कामाचे होते.

आमच्या केंद्रावर दर पाळीला एक नोंदवही असायची. कोणता पंप किती वाजता सुरू केला, दाब किती, बेअरिंगचा आवाज कसा, कोणती गाळणी धुतली, आणि खाली सही. मी नोकरीला लागलो तेव्हा १९७० च्या दशकातल्या वह्या कपाटात होत्या, आणि आम्ही त्या उघडून बघायचो, कारण त्याच पंपाने तेव्हाही असाच आवाज केला होता. नासा आपल्या स्थानकावर रोज काय झालं याच्या नोंदी लोकांसाठी जाहीर करत आली आहे. त्यात संडास दुरुस्त केल्याचंही असतं. आपल्या स्थानकाचीही अशी रोजची नोंद जाहीर व्हावी, मराठीत आणि देशातल्या इतर भाषांत. प्रयोग किती झाले ते असू द्या. पण त्याआधी कोणता पंप बदलला, किती वेळ लागला, कोणता भाग उरलेला नाही, हे असावं. आणि ज्याने बदलला त्याचं, तसंच खाली बंगळुरूत ज्याने रात्र जागून त्याला वाट दाखवली त्याचंही नाव त्या ओळीपुढे असावं.